सात दिवस एकदम

भिंगरीच्या फोनमध्ये सात गजर होते आणि त्यातल्या एकालाही ती भीक घालत नसे. पहिला गजर उठण्याचा, दुसरा खरंच उठण्याचा, तिसरा दप्तराचा, चौथा अभ्यासाला बसण्याचा, पाचवा अभ्यासाला बसली आहेस ना हे विचारण्याचा. उरलेले दोन कशाचे ते तिलाही आठवत नव्हतं, पण ते वाजले की ती प्रेमाने बंद करायची.

याशिवाय तिच्याकडे रंगीत चौकोनांचं एक कॅलेंडर होतं. पंचवीस मिनिटं झाली की कोंबड्यासारखं आरवणारं एक घड्याळही होतं. वेळापत्रक करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. गणिताला निळा रंग द्यावा की जांभळा, यावर तिची एक अख्खी संध्याकाळ गेली होती. गणित मात्र तसंच राहिलं होतं.

तिचे वडील बुकबाइंडर होते. गल्लीत त्यांना सगळे बाइंडरकाकाच म्हणत. दुकान लहान, एका भिंतीला दाबयंत्र, मधोमध लांबलचक टेबल, आणि खिडकीपाशी कागदाच्या घड्या घालणाऱ्या मावशी. त्या इतकी वर्षं घड्या घालत होत्या, की बोलताना हातात काही नसलं तरी त्यांची बोटं हवेत घडी घालत. खळीचा वास दुकानात इतका मुरलेला, की बाइंडरकाकांना तो येतच नसे आणि भिंगरीला घरीसुद्धा यायचा.

रविवारी संध्याकाळी काकांच्या फोनवर शाळेच्या अ‍ॅपचा निरोप आला. हे अ‍ॅप शाळेने याच वर्षी आणलं होतं. मुलांचा प्रत्येक गृहपाठ त्यात एकेका गोलात दिसायचा. केला नसेल तर लाल, अर्धा पाठवला तर पिवळा, पुरा करून पाठवला की हिरवा. भिंगरीच्या नावापुढे अकरा गोल होते. अकराच्या अकरा लाल.

खाली वर्गाच्या मॅडमनी लिहिलं होतं : शुक्रवारी दुपारी चारला ही यादी बंद होईल. ज्याचा एकही गोल हिरवा व्हायचा राहील, त्याला शनिवारच्या नाटकात काम करता येणार नाही.

काकांनी फोन भिंगरीच्या आईपुढे धरला. आईने चष्मा लावून वाचलं आणि हळूच म्हणाली, "अहो, पोरगी कप्तान आहे त्या नाटकात."

ते काकांना माहीत होतं. सगळ्या गल्लीला माहीत होतं. गेला महिनाभर भिंगरी जिन्यावरून उतरताना "नांगर उचला!" असं ओरडत होती. बुडत्या जहाजावर उभं राहून खदाखदा हसणारा म्हातारा कप्तान, हे त्या नाटकातलं सगळ्यात मोठं काम. त्या हसण्यासाठीच मॅडमनी तिला निवडलं होतं. तिच्या बाकावर बसणारी मुलगी, जिला सगळे घड्याळ म्हणत कारण ती कधी एक मिनिटही चुकत नसे, तिला कप्तानाचं काम आधीच तोंडपाठ होतं. वेळ पडलीच तर असावं म्हणून.

"भिंगरे," काकांनी हाक मारली, "इकडे ये. तो तुझा रंगीत कारखाना घेऊन ये."

भिंगरी टॅब पोटाशी धरून आली. चेहरा पडलेला.

"बाबा, मी सगळं नीट मांडलंय. फक्त करायचं राहिलंय."

"मांडलंयस कसं? सोमवारी विज्ञान, मंगळवारी भूगोल, बुधवारी भाषा. म्हणजे रोज नवं दुकान उघडायचं आणि रोज बंद करायचं. अगं, असं काम होतं का कधी?" काका उत्साहाने पुढे सरसावले. "माझ्याकडे शंभर पुस्तकं बांधायला आली, तर मी एकेक पुस्तक पुरं करतो का? पहिल्या दिवशी सगळ्यांच्या घड्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची शिलाई. मग सगळ्यांना खळ, मग सगळ्यांना पुठ्ठा. शेवटच्या दिवशी शंभरच्या शंभर एकदम तयार. हात बसतो, वेळ वाचतो. तुझे हे अकरा गृहपाठ म्हणजे अकरा पुस्तकं समज."

भिंगरीचे डोळे चमकले. नवं वेळापत्रक म्हटलं की ते चमकतच.

त्याच बैठकीत बापलेकींनी आठवडा नव्याने मांडला. सोमवारी अकराही गृहपाठांचे मथळे, समास, चौकटी. मंगळवारी सगळ्या आकृत्या आणि नकाशे. बुधवारी आणि गुरुवारी सगळं लिखाण. शुक्रवारी शाळा एकला सुटते, तेव्हा दुकानात येऊन तपासायचं, फोटो काढायचे, पाठवायचं. कॅलेंडरमध्ये भिंगरीने त्याला खळीचा पिवळसर रंग दिला.

आई भाजी निवडत ऐकत होती. तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण दोघांचे आनंदी चेहरे पाहून तिने पुढची जुडी घेतली.

सोमवार झकास गेला. भिंगरीने दुकानात मावशींच्या शेजारी बसून पट्टीने समास आखले. मावशींनी एकेक कागद उजेडाकडे धरून पाहिला.

"दादा, पोरीचा हात तुमच्यावर गेलाय. रेघ कशी दोरीसारखी."

मंगळवारी हृदय, डोंगररांगा, काटकोन त्रिकोण असं सगळं एका दमात काढून झालं. हृदयाला आणि डोंगरांना एकच तपकिरी रंग लागला, पण हात बसला होता त्याचं काय करता.

बुधवारी सकाळी शाळेतून फोन आला. मॅडमनी काकांना मधल्या सुट्टीत बोलावलं होतं.

काका धुतलेला सदरा घालून गेले. शिक्षकांच्या खोलीत मॅडमनी पडदा त्यांच्याकडे वळवला. अकरा गोल. अकराच्या अकरा लाल.

"बुधवार उजाडला, आणि एकही पुरा नाही," मॅडम म्हणाल्या. "बाकीच्यांचे निदान पाच-सहा झालेत. मी तिला नाटकातून काढावं असं तुम्हाला वाटतं का?"

"छे, छे! मॅडम, सगळे अर्ध्याहून जास्त झालेत." काकांनी मोठ्या अभिमानाने आपली पद्धत समजावून सांगितली. घड्या, शिलाई, खळ, पुठ्ठा. बोलताना ते टेबलावरच्या वह्या एकावर एक रचत गेले, आणि कडा जुळल्या तेव्हाच थांबले.

मॅडमना हसू आवरेना, पण त्यांनी ते आवरलं. "काका, वह्या रचल्यात फार सुरेख. पण हे अ‍ॅप आम्ही आणलं ते मुलांनी रोज थोडं थोडं करावं म्हणून. तुम्ही त्याचा छापखाना केलात."

"शुक्रवारी बघा तुम्ही," काका म्हणाले.

"बघते. चार वाजता. आणि नियम मी मोडणार नाही हं, आधीच सांगते. नाहीतर उरलेल्या मुलांना काय तोंड दाखवू?"

घरी येताना काकांनी शुक्रवारपर्यंतचे दिवस बोटांवर मोजले, दोनदा.

शुक्रवारी दोनच्या ठोक्याला दुकानातलं लांब टेबल मोकळं झालं. एरवी त्यावर पुस्तकांचे भाग मांडून मावशी टेबलाभोवती फिरत, आणि एकेक भाग उचलून पुस्तक जुळवत. आज भिंगरीचे कागद तसे मांडले होते. मावशी पुढे चालत पान सरळ करत, भिंगरी मागून फोटो काढी, आणि काका टोकाला उभं राहून काय काय पाठवलं ते मोठ्याने म्हणत.

"विज्ञान!"

हिरवा.

"भूगोल! अरे वा, हाही हिरवा! इतिहास! गणित एक, गणित दोन!"

गोल असे पटापट हिरवे होत होते, की मावशी काम सोडून पडद्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. "अगंबाई, शेंगा सोलल्यासारखे!" काकांनी तर दाबयंत्राच्या चाकाला उगाच एक गिरकी दिली. आता त्या मॅडमना बोलवावं आणि दाखवावं, असं त्यांच्या मनात आलं. सव्वातीनला दहा गोल हिरवे होते.

टेबलावर अकरावा गृहपाठ उरला. सात पानं, साती पानांना सुंदर वेलबुट्टीची चौकट, वर ठळक अक्षरात वार : शनिवार, रविवार, सोमवार, असे थेट शुक्रवारपर्यंत. मथळा होता, माझ्या वेळेची रोजनिशी. चौकटी रिकाम्या.

"हे लिहायचं राहिलं होय?" काका म्हणाले. "लिखाणाच्या दिवशी कसं सुटलं?"

"सगळ्यात सोपं म्हणून शेवटी ठेवलं होतं," भिंगरी म्हणाली. "पाच-पाच ओळीच तर आहेत."

काकांनी अ‍ॅपमधली सूचना पहिल्यांदाच नीट वाचली. 'रोज संध्याकाळी, त्या दिवशी आपला वेळ कुठे गेला ते खरंखरं लिहा. एका दिवसाचं दुसऱ्या दिवशी लिहू नका.'

त्यांनी ती पुन्हा वाचली. दुकानात घड्याळाची टिकटिक एकाएकी मोठी झाल्यासारखी वाटली.

"भिंगरे, हे रोजचं रोज लिहायचं होतं."

"मला वाटलं तुम्हाला माहितीय," भिंगरी म्हणाली. "तुम्हीच ते मथळ्यांच्या गठ्ठ्यात टाकलंत."

तेही खरंच होतं.

"लिहून टाक गं पोरी," मावशी म्हणाल्या. "उठले, शाळेत गेले, जेवले, झोपले. सातदा लिही. कोण बघायला आलंय?"

साडेतीन वाजले होते. एका गोलासाठी कप्तान जायचा. काकांनी घसा खाकरला. "लिही. मी सांगतो. सोमवार. शाळेतून आल्यावर मी हातपाय धुतले. नंतर दोन तास अभ्यास केला."

भिंगरी लिहू लागली. दोन ओळी झाल्या आणि तिचं पेन थांबलं.

"बाबा, सोमवारी मी दोन तास नुसत्या वेली काढल्या चौकटीवर. ही बघा ना, हीच."

काकांनी पानाकडे पाहिलं. वेल खरोखरच सुरेख होती. प्रत्येक पानाला शिरा काढलेल्या. त्या वेलीच्या आत 'दोन तास अभ्यास केला' हे वाक्य असं बसलं होतं, जसं चांगल्या पुस्तकात कोणाचं तरी भलतंच पान शिवलं जावं.

ते स्टुलावर बसले. त्यांच्याकडे कधीकधी जुनी पुस्तकं यायची, मधली पानं हरवलेली. गिऱ्हाइक म्हणे, जोडून टाका, कळणार नाही कोणाला. काकांनी तसं कधी केलं नव्हतं. जितकी पानं गेली असतील तितके कोरे कागद ते मोजून आत शिवत. वाचणाऱ्याला कळावं, इथे काही होतं आणि आता नाही. पुस्तकाला जे करायला धजलो नाही, ते मुलीकडून करून घेतोय, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना कानकोंडं झालं.

"ते खोड," काका म्हणाले. "कोरं ठेव. सहाही दिवस कोरे ठेव. आजचं मात्र आज आहे, ते लिही."

"बाबा, मग गोल हिरवा नाही होणार."

"नाही होणार."

"मग कप्तान..."

भिंगरीने खाली मान घालून सोमवारच्या दोन ओळींवर काट मारली. मग शुक्रवारचं पान ओढलं आणि बराच वेळ, म्हणजे चांगली दहा मिनिटं, लिहीत राहिली. लिहून झाल्यावर तिने पान बापासमोर सरकवलं.

त्यात लिहिलं होतं : 'आज दुपारी दोन ते सव्वातीन दहा गृहपाठ पाठवले. फार मजा आली. साडेतीनला बाबांनी मला सोमवारचं खोटं लिहायला सांगितलं. मग ते स्वतःच नको म्हणाले. बाकीचे दिवस मी लिहिले नाहीत म्हणून कोरे आहेत.'

काकांचा चेहरा लाल झाला. "हे... हे असंच पाठवायचं?"

"खरंखरं लिहा असं म्हटलंय."

मावशींनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते.

काकांनी एकदा छताकडे पाहिलं, एक लांब श्वास घेतला, आणि पाठवण्याचं बटण स्वतःच्या बोटाने दाबलं. बोटाला खळ होती, ती काचेवर उमटली. चारला चार मिनिटं होती. अकरावा गोल पिवळा झाला आणि पिवळाच राहिला.

पाच वाजता तालमीला मॅडमनी दोघांना बाजूला घेतलं. रोजनिशी त्यांनी वाचली होती हे त्यांच्या तोंडावरूनच दिसत होतं. काका बुटाच्या टोकाकडे बघत उभे राहिले.

"नियम म्हणजे नियम," मॅडम म्हणाल्या. "उद्याचा कप्तान घड्याळ होणार." मग आवाज जरा खाली आला. "पुढच्या शनिवारी दुसरा प्रयोग आहे. उद्यापासून सात दिवस, रोजचं पान रोज मला आलं, तर तो कप्तान तुझा. दोन दिवसांचं एकदम आलं, तर नाही. आणि काका, तुम्ही मदत करायची नाही."

"मी? मी कशाला करतोय," काका पुटपुटले.

भिंगरी शाळेच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसली आणि गुडघ्यात डोकं घालून रडली. काका शेजारी बसले. त्यांच्या खिशात रुमाल होता, पण त्याला खळ लागलेली, तो काय कामाचा.

इतक्यात घड्याळ आली. तिच्या हातात कप्तानाची टोपी आणि तोंड पांढरंफटक.

"मला सगळं येतं," ती म्हणाली. "फक्त हसता येत नाही."

भिंगरीने डोकं वर केलं. "हसता येत नाही म्हणजे?"

"म्हणजे बघ." घड्याळने कमरेवर हात ठेवला, मान मागे टाकली आणि ती हसली. शिंक अडकलेलं मांजर जसा आवाज काढेल तसं काहीतरी निघालं.

भिंगरीच्या तोंडून रडता रडता फस्सकन हसू आलं. मग घड्याळही हसली, आणि ते हसणं तर आणखीनच मांजरासारखं होतं, त्यामुळे दोघी पायरीवर लोळायच्या बाकी राहिल्या.

"मी पडद्यामागे उभी राहते," भिंगरी डोळे पुसत म्हणाली. "तू नुसतं तोंड उघड. हसायचं माझ्यावर सोड."

त्या शनिवारी जहाज बुडताना कप्तानाने तोंड उघडलं आणि डाव्या पडद्यामागून असं काही गडगडाटी हसू आलं, की पहिल्या रांगेतलं एक लहान मूल आईच्या मांडीवर चढलं. कप्तानाने तोंड मिटल्यावरही हसू जरा वेळ चालूच राहिलं. लोकांना वाटलं, समुद्रच हसतोय. टाळ्या थांबेनात.

घरी आल्यावर भिंगरीने कोणी न सांगता नवं पान घेतलं. चौकट नाही, वेल नाही. पाच ओळी लिहिल्या आणि पाठवल्या.

"रविवारच्याही आत्ताच लिहून ठेवल्या असत्या तर?" काकांच्या तोंडून सवयीने निघून गेलं. "हात बसलाच आहे."

आई देवापुढे समई उजळत होती. वळूनही न पाहता ती शांतपणे म्हणाली, "अहो, मी रोज पहाटे नामस्मरण करते. उद्यापासून सोमवारीच आठवड्याचं एकदम करून टाकू का? बाकीचे दिवस झोपून राहीन."

भिंगरी हसून हसून आडवी झाली. काका म्हणाले, "बरं बाई, हरलो," आणि बशीत ठेवलेले पोहे खायला बसले.

रविवार गेला. सोमवारी भिंगरीला लिहायचा कंटाळा आला, तर तिने तेच लिहिलं : 'आज लिहायचा कंटाळा आला. हे लिहायला तीन मिनिटं लागली, कंटाळा करायला पंचवीस.' मंगळवारी गजर सातवरून दोनवर आले. बुधवारी दिवे गेले आणि घरचं नेटही गेलं, तेव्हा ती टॅब घेऊन शेजारच्या औषधाच्या दुकानात धावली आणि तिथल्या काउंटरवरून पान पाठवून आली. काकांना फार वाटत होतं की एकदा तरी विचारावं, झालं का लिहून. पण त्यांना मदत करायची मनाई होती. म्हणून ते नुसते दारात येरझारा घालत. ती येरझारही गुरुवारच्या पानात उतरली : 'बाबा सहा वेळा दारापर्यंत आले. काही बोलले नाहीत.'

शुक्रवारी संध्याकाळी मॅडमनी अकरावा गोल हिरवा केला. काकांनी तो मावशींना फोनवर दाखवला, औषधवाल्याला दाखवला, आणि एका गिऱ्हाइकाला, जे बिचारं फक्त वही शिवायला आलं होतं, त्यालाही दाखवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंगरी कप्तानाचा लांब कोट घालून, मिशी चिकटवून दारात उभी. आई तयार, काका तयार, मावशीसुद्धा ठेवणीतलं नेसून आलेल्या.

"चल, चल, पडदा उघडेल," काका म्हणाले.

"दोन मिनिटं." भिंगरी उंबऱ्यावर बसली आणि टॅब मांडीवर घेतला.

"अगं, सात दिवस कालच पुरे झाले ना? आता कशाला?"

"परतल्यावर घरी पाहुणे असतील. मग राहून जाईल." मिशीखालून तिची जीभ बाहेर आली होती, लिहिताना यायची तशी. "अर्धं आत्ता लिहिते. हसण्याचं मात्र हसून झाल्यावर."

काका तिची टोपी हातात धरून शेजारी उभे राहिले.